औषध हातात देण्याआधी: फार्मसीच्या विद्यार्थ्याला नेमकं काय यावं लागतं

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की इंदूरच्या मराठी घरांत एक बोलणं हमखास कानावर येतं. एमबीबीएसला नंबर लागला नाही तर बी.फार्म. करू, काही नाही तर मेडिकल स्टोअर तरी टाकता येईल. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण फार्मसीला जाऊन काय शिकायचं, तिथे कसं वागायचं, हे घरात कुणालाच धड ठाऊक नसतं, आणि मुलंही पहिलं वर्ष रसायनांची नावं पाठ करण्यात घालवतात. रामबागेत किंवा सुदामा नगरात बसून आपल्या मुलामुलींच्या प्रवेशाचा विचार करणाऱ्या आईवडिलांसाठी आणि नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी काम समजून घेऊ. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. ती घेऊन माणूस एम.वाय. हॉस्पिटलच्या औषधखिडकीशी जातो किंवा कॉलनीतल्या मेडिकलवर जातो, औषध घेतो, घरी येतो आणि गिळतो. चिठ्ठीत मात्रा जास्त पडली असेल, आधीपासून चालू असलेल्या गोळीशी नव्या गोळीचं जमत नसेल, सारख्या नावाचं भलतंच औषध डब्यातून निघालं असेल, तर ते पकडू शकणारा शेवटचा शिकलेला माणूस फार्मासिस्ट असतो. त्याच्यानंतर कुणी नाही. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देतात तो अपवाद सोडला, तर १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमाने चिठ्ठीवरचं औषध तयार करण्याचं आणि देण्याचं काम फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टवर सोपवलं आहे, ते याच कारणाने.

बी.फार्म.ची चार वर्षं, आठ सेमिस्टर. औषध कसं बनवायचं, त्याचं रसायन काय, शरीरात गेल्यावर ते काय करतं, वनस्पतींतून ते कसं मिळतं, असे मोठे विषय असतात. सहावं सेमिस्टर संपल्यावर कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये किंवा तत्सम ठिकाणी १५० तासांचं प्रशिक्षण असतं. दोन वर्षांच्या डी.फार्म.नंतर ५०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. फार्म.डी. हा २००८पासून आपल्याकडे सुरू झालेला सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. विषयांची यादी कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत मिळते, म्हणून ती इथे देत नाही. या सगळ्या विषयांतून विद्यार्थ्याच्या अंगी एक सवय मुरायला हवी, असं माझं ठाम मत आहे: शंका आली की हात थांबला पाहिजे, आणि थांबल्यावर विचारता आलं पाहिजे. खाली ज्या ज्या कौशल्यांबद्दल लिहितो आहे, ती सगळी या सवयीला बळ देणारी आहेत.

पहिलं कौशल्य गणिताचं, आणि हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. मोठं गणित लागत नाही. गुणाकार, भागाकार, त्रैराशिक एवढंच, पण ते गर्दीत उभं राहून, समोरचा माणूस घाई करत असताना, न चुकता यावं लागतं. लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल घ्या. मुलाला ते वजनाप्रमाणे देतात, एका वेळी दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम द्यायला सांगितलं, असं धरू. आता दुकानात हेच औषध तीन रूपांत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलिलिटरला २५०, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांमध्ये एका मिलिलिटरलाच १००. म्हणजे पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि थेंबांतून फक्त दीड मिलिलिटर. तीनही बाटल्यांवर नाव तेच, खोक्याचा रंग कित्येकदा तोच.

बाळाच्या आईला मागच्या वेळेचं "सहा मिलिलिटर" पक्कं लक्षात आहे आणि या वेळी तिच्या हातात थेंबांची बाटली पडली, तर बाळाच्या पोटात एका दमात ६०० मिलिग्रॅम जातं. दहा किलोच्या बाळाला जेवढं पॅरासिटामॉल दिवसभरात विभागून द्यायचं, जवळपास तेवढं ते झालं. असं पुन्हा पुन्हा होत राहिलं तर यकृतावर बेततं. यात डॉक्टरांची चूक नाही, आईचीही नाही. बाटली देणाऱ्याने ताकद वाचून "या वेळी औषध वेगळं आहे, एवढंच द्यायचं" असं सांगून मापावर खूण करून द्यायला हवी होती.

इन्सुलिनचंही असंच आहे, आणि इंदुरात मधुमेही नसलेलं घर शोधावं लागेल. आपल्याकडे इन्सुलिनच्या अनेक बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, आणि पेनमधली काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची ४०च्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १००साठी. कुणी १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. रक्तातली साखर धाडकन उतरून माणूस बेशुद्ध पडतो. विद्यार्थ्याला हे गणित वर्गात सोडवता येतंच. बाटली आणि सिरिंज एकत्र देताना त्याची नजर आपोआप दोन्हींवर गेली पाहिजे, आणि त्याला सरावाशिवाय दुसरा मार्ग नाही. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही, हे सांगणंही त्याच कामाचा भाग आहे.

दुसरं कौशल्य चिठ्ठी वाचण्याचं. अक्षर लावणं हा त्याचा लहान भाग. नावं फसवतात, हा मोठा भाग. क्लोरप्रोमाझिन मानसिक आजारात देतात, क्लोरप्रोपामाइड हे साखर उतरवणारं जुनं औषध आहे. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. अशा जोड्या जगभर नोंदवून ठेवल्या आहेत, आणि त्या कपाटात शेजारी शेजारी ठेवू नयेत असं शिकवलं जातं. अंदाजाने वाचायचं नाही, हा इथला पहिला नियम. "तेच असणार" असं मनात आलं की तिथेच थांबायचं.

मग विचारायचं कसं? मुलं इथे सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात आणि जीवही जाऊ शकतो. या एका चुकीची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. आता समजा चिठ्ठीवर "रोज एक" असं लिहिलं आहे. प्रशिक्षणाला आलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने बदल करायचा नाही, रुग्णासमोर "डॉक्टरांनी चूक केली" असंही म्हणायचं नाही. त्याने चिठ्ठी बाजूला धरून आपल्या वरच्या फार्मासिस्टला दाखवायची. तो डॉक्टरांना फोन करेल आणि साधारण असं बोलेल: "सर, आपल्या अमुक रुग्णाची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट रोज लिहिलेलं दिसतंय. आठवड्यातून एकदा अपेक्षित आहे का, एवढं खात्री करून घ्यायची होती." नाव, औषध, दिसलेली अडचण, आणि एक सरळ प्रश्न. आवाज नम्र, मजकूर पक्का. उत्तर मिळालं की ते चिठ्ठीवर तारखेसह लिहून ठेवायचं. आणि रुग्णाला सांगताना नुसतं "आठवड्यातून एकदा" म्हणून सोडायचं नाही, वार ठरवून द्यायचा. दर सोमवारी म्हणजे सोमवारीच.

आपल्याकडे मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये असे संस्कार असतात. ते घरात शोभतात, औषधाच्या खिडकीत घात करू शकतात. पहिल्या वर्षाच्या मुलीने प्रोफेसरांना "सर, फळ्यावरचा दशांश चुकलाय का?" असं विचारलं तर तिला शाबासकी मिळाली पाहिजे. ज्या वर्गात असा प्रश्न उद्धटपणा ठरतो, तिथून निघालेला फार्मासिस्ट पुढे डॉक्टरांना फोन करणार नाही.

आता बोलण्याबद्दल. पहिल्याच सेमिस्टरला संवादकौशल्याचा विषय असतो आणि बहुतेक मुलं तो हलक्यात घेतात. पुस्तक इंग्रजीत, घर मराठीत, आणि खिडकीशी येणारा माणूस हिंदी किंवा माळवी बोलणारा. देपालपूर-महूकडून आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, त्याला लाज न वाटू देता समजावून सांगता आलं पाहिजे. दम्याच्या रुग्णांना यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल मिळते. नीट दाखवलं नाही तर काही जण ती पाण्याबरोबर गिळून टाकतात आणि मग औषधाने गुण येत नाही म्हणून सांगतात. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात बुरशी येते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. या गोष्टी साध्या आहेत, पण त्या कुणी सांगितल्याच नाहीत तर महागडं औषध पाण्यात जातं.

"समजलं ना?" असं विचारलं की सगळेच मान हलवतात. त्यापेक्षा "काकू, आता घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला एकदा सांगा" असं म्हणावं. त्या सांगू लागल्या की कुठे गोंधळ आहे ते लगेच कळतं. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देणारे जुने कंपाउंडर मी पाहिले आहेत. ती पद्धत आजही उत्तम आहे.

आता प्रयोगशाळेतल्या वागण्याकडे येतो. याविषयी मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथल्या वाईट सवयीकडे सगळे कानाडोळा करतात. प्रॅक्टिकलची फाइल सीनियरची बघून उतरवायची, टायट्रेशनचं, म्हणजे थेंब-थेंब द्रावण घालून प्रमाण मोजण्याच्या प्रयोगाचं, रीडिंग तीनदा घ्यायचं ते एकदाच घेऊन उरलेले दोन आकडे मनाने भरायचे, उत्तर आधी ठरवून उलटं गणित मांडायचं. मुलांना वाटतं, मार्कांपुरतंच तर आहे. पण औषधाच्या कारखान्यात खोटं रीडिंग म्हणजे काय, ते आपल्या दोन राज्यांनी पाहिलं आहे.

सिरपमध्ये औषध विरघळावं, गोडवा आणि दाटपणा यावा म्हणून ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल घालतात. डायएथिलिन ग्लायकॉल हे उद्योगात वापरलं जाणारं रसायन दिसायला तसंच, रंगहीन, दाट, गोडसर, पण पोटात गेल्यावर ते मूत्रपिंडं निकामी करतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइडच्या सिरपमध्ये ते द्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर तिथे औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवावं लागेल, असा कायदा आला. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आणि २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक लहान मुलं गेली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला नेलं होतं. तपासणीत त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल ४० टक्क्यांहून जास्त निघालं. कच्च्या मालात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे पकडण्याची चाचणी अवघड नाही, फार्मसीच्या विद्यार्थ्याला तिचं तत्त्व समजतं. प्रत्येक पिंपातला नमुना घेऊन ती खरोखर करायची आणि आलेलं उत्तर तसंच्या तसं लिहायचं, एवढंच. इंदूरची शेकडो मुलं पुढे पिथमपूरच्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात लागतात. तिथला नियम असा, की केलेलं काम त्याच क्षणी, स्वतःच्या सहीने लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून खालचा आकडा वाचता येईल असा ठेवायचा आणि बाजूला सही-तारीख. पांढरी शाई लावायची नाही. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असं मानलं जातं. ही सवय पहिल्या सेमिस्टरच्या फाइलपासून लावून घ्यावी. रीडिंग चुकलं तर चुकलेलंच लिहावं, आणि का चुकलं असेल ते खाली एका ओळीत मांडावं. शिक्षकांनीही अशा प्रामाणिक चुकीचे मार्क कापू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गुप्ततेचा मुद्दा आपल्या समाजात जास्तच नाजूक आहे. इंदूर मोठं शहर झालं, पण इथल्या मराठी माणसांचं जग अजून लहान आहे. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, लग्नकार्यात सगळे एकमेकांना भेटतात. प्रशिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याला दिसतं, की ओळखीच्या काकांना मानसिक आजाराची गोळी चालू आहे, शेजारच्या ताईने गर्भनिरोधक नेलं, कुणाच्या चिठ्ठीवर क्षयाची किंवा एचआयव्हीची औषधं आहेत. हे घरी आईलाही सांगायचं नाही. चिठ्ठीचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "हे अक्षर लागतंय का" म्हणून टाकायचा नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. खिडकीशी गर्दी असेल तर औषधाचं नाव मोठ्याने उच्चारू नये, आवाज खाली आणावा किंवा माणसाला बाजूला बोलवावं. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, आणि मग तो माणूस पुढच्या वेळी औषधच घ्यायला येत नाही.

आपली मर्यादा ओळखणं हेही वागण्यातच येतं. मुलगी फार्मसीला गेली की दुसऱ्याच महिन्यापासून मावशी-आत्यांचे फोन सुरू होतात: घसा दुखतोय, कुठली अँटिबायोटिक घेऊ सांग. प्रेमाने विचारतात, नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणायचं. अँटिबायोटिक्स शेड्यूल एच या सरकारी यादीत येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्यातली जास्त जपून वापरायची काही, क्षयाची औषधं आणि सवय लावणारी काही अशी ४६ औषधं मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वनमध्ये टाकली. त्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. मावशीला "डॉक्टरांना दाखव, गोळ्या सुरू झाल्या की कशा घ्यायच्या ते मी नीट सांगेन" असं म्हणता येतं. यात आपलेपणा कमी होत नाही.

मात्र एक काम विद्यार्थी नक्की करू शकतो. औषध घेतल्यावर कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, चेहरा सुजला, चक्कर आली, तर तो संशयित दुष्परिणाम कळवता येतो. २०१०पासून देशात त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. औषधामुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरेसा असतो.

हजेरी, एप्रन, कापलेली नखं, बांधलेले केस, लॅबमध्ये मोबाईल आणि खाणं बंद, या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. हजेरी प्रत्येक विषयात ८० टक्के लागते, थिअरी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. दुसऱ्याच्या नावाने "प्रेझेंट सर" म्हणणाऱ्याला एवढंच सांगेन, की ज्या तासाला डोसचं गणित शिकवलं तो तास मित्राला परत मिळणार नाही.

शेवटी एक कटू विषय, कारण डिग्री हातात पडताच त्याचं आमिष समोर येतं. नोंदणी करून घ्यायची, सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलच्या भिंतीवर लावायला द्यायचं, स्वतः दुसरीकडे नोकरी करायची आणि महिन्याला घरबसल्या भाडं घ्यायचं. आपल्याकडे हे इतकं रुळलं आहे, की चांगल्या घरातले लोकही "त्यात काय एवढं, सगळेच करतात" म्हणतात. हे बेकायदेशीर आहे आणि नोंदणी जाऊ शकते. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की त्या दुकानात थेंबांची आणि सिरपची बाटली ओळखणारा माणूस उभाच नसतो. तिथे न शिकलेला पोरगा खोका वाचून देतो, आणि भिंतीवर तुमच्या मुलीचं नाव असतं. आईवडिलांनी हे पैसे घरात येऊ देऊ नयेत.

प्रवेशाआधी कॉलेज पाहायला जाल, मग ते खंडवा रोडवरचं देवी अहिल्या विश्वविद्यालय असो, सेकसरिया संस्था असो की शहराबाहेरचं खासगी कॉलेज, तेव्हा इमारत आणि प्लेसमेंटचा फलक पाहून परतू नका. प्रॅक्टिकलला एका तराजूवर किती मुलं असतात ते विचारा. मुलं हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष किती वेळ घालवतात, रुग्णाशी बोलण्याची परीक्षा कशी घेता, दुष्परिणामाचा फॉर्म कधी मुलांकडून भरून घेतला आहे का, हेही विचारा. जमलं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रॅक्टिकल फाइल चाळायला मागा आणि तिच्यात चुकलेली, रेघ मारून सही केलेली रीडिंग दिसतात का ते पाहा. सहाव्या सेमिस्टरनंतरच्या १५० तासांची जागा कॉलेज मिळवून देतं की मुलांनी स्वतः शोधायची, तेही तेव्हाच विचारून ठेवा, कारण ते सेमिस्टर सगळ्यांचं एकदमच संपतं आणि पिथमपूरच्या दारात रांग लागते.